प्याला, बांध आणि परका

आमच्या वादविवाद मंडळात दोन विषय फिरून फिरून येतात. पहिला, मादक पदार्थांवरील बंदी उठवावी काय. दुसरा, परदेशी नागरिकांना आपल्याकडे जमीन विकत घेऊ द्यावी काय. मुले पहिल्या विषयावर हॉलंडची आणि दुसऱ्यावर गोव्याची उदाहरणे देतात. या दोन विषयांचा एकमेकांशी काही संबंध असेल अशी शंका त्यांना येत नाही, आणि खरे सांगायचे तर आम्हांलाही बरीच वर्षे आली नव्हती. संबंध आहे, आणि तो कोल्हापूरच्या इतिहासात स्पष्ट दिसतो.

कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. विलीनीकरणाने नव्या प्रजेच्या पदरात जे कायदे पडले, त्यांत दोन विशेष होते. एक १९४८ चा कूळकायदा. त्याच्या कलम ६३ ने शेतजमीन बिगरशेतकऱ्याला विकण्यास मनाई केली. दुसरा १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा. तो त्याच जून महिन्यात अमलात आला आणि त्याच्या कक्षेत दारूबरोबर गांजा-भांगही आली. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळात गृह आणि महसूल ही दोन्ही खाती मोरारजी देसाई यांच्याकडे होती. म्हणजे शेतकऱ्याची जमीन राखणारा आणि त्याच्या हातचा प्याला काढून घेणारा मंत्री एकच. दोन्ही कायद्यांतला शेतकरीही एकच: त्याचे भले त्याला कळत नाही, म्हणून ते सरकारने पाहावे.

परक्याचे काय? येथे कायद्यांची खरी गंमत आहे. जेथे दारू सर्रास प्याली जाते अशा देशात जन्मलेल्या व वाढलेल्या माणसाला परवाना देण्याची सोय दारूबंदी कायद्यातच होती. कूळकायद्याने मात्र त्याला, तो शेतकरी नाही एवढ्याच कारणाने, बांधाबाहेर ठेवले. परक्याला प्याला चालेल, जमीन नाही. आपल्या माणसाला जमीन चालेल, प्याला नाही. असा उलटासुलटा न्याय कोणी योजून केला असेल असे आम्हांला वाटत नाही. पण ज्याला सज्ञान मानायचे त्याला मोकळीक आणि ज्याला अज्ञान मानायचे त्याला संरक्षण, ही वाटणी दोन्हीकडे सारखीच आहे.

ही वृत्ती एकट्या मोरारजींच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. १८७५ मध्ये सुप्यात सावकारांच्या वह्या जळाल्या. त्यानंतर १८७९ चा दक्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला. त्यामागे जमीन हातची जाण्याचे खरे दुःख होते. खेड्याच्या भाषेत 'परका' म्हणजे पासपोर्टवाला नव्हे. कर्जाच्या कागदावर अंगठा घेऊन रान बळकावणारा तो परका. उलट, १८३३ च्या सनदी कायद्यापर्यंत खुद्द इंग्रजालाही कंपनीच्या मुलुखात परवान्यावाचून जमीन धारण करता येत नव्हती. ही मनाई रयतेच्या कळवळ्यापोटी नव्हती. आपल्याच देशबांधवांची कंपनीला धास्ती होती.

नशेच्या बाबतीत सरकार याहून बेरकी. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला रवाना करून तिच्यावर कर घेणारे हेच राज्य. १८९३-९४ च्या भांग-गांजा आयोगाने शेकडो साक्षी नोंदवल्या आणि निष्कर्ष काढला की माफक सेवनाने विशेष अपाय होत नाही. बंदी नको, परवाना आणि कर असावा. बंदी उठवावी म्हणणारी मुले हा अहवाल आनंदाने पुढे करतात. त्याच सरकारची अबकारीची तिजोरी त्यावर भरत होती, हे ती सांगत नाहीत. आणि १८८० मध्ये जोतीराव फुल्यांनी पुणे नगरपालिकेत दारूच्या दुकानांना विरोध केला, हे दोन्ही पक्ष विसरतात. बंदीची मागणी नेहमीच वरून आली असे नाही. २००८ च्या शासकीय आदेशानुसार गावातील निम्म्याहून अधिक स्त्री-मतदारांनी बाटली आडवी केली की दुकान बंद होऊ शकते. त्या मतपेटीपाशी उभ्या राहिलेल्या बाईला 'व्यक्तिस्वातंत्र्य' हा शब्द ऐकवण्याचे धाडस आम्हांला होत नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना 'एकच प्याला' आठवेलच. १९१९ मध्ये रंगभूमीवर आलेल्या या नाटकात सुधाकर पितो कधी? मुन्सफाशी खटका उडून सहा महिन्यांसाठी सनद गेल्यावर. कागद गेला आणि माणूस कोसळला. आपण वर्गात तळीरामाचे विनोद रंगवून सांगतो आणि या सनदेवरून घाईने पुढे सरकतो.

कागदाचेच राज्य पुढे चालू राहिले. महाराष्ट्रात बंदी सैल झाली तरी कायदा गेला नाही. पिणाऱ्याने परवाना बाळगावा, प्रकृती राखण्यासाठी वेगळा परवाना काढावा, अशा तरतुदी पुस्तकात राहिल्या. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजावर कठोर शिक्षा ठेवली, पण भांगेचे निव्वळ पान व्याख्येतून वगळले. देवाच्या प्रसादाला एक न्याय, चिलमीला दुसरा. जमीन घेणाऱ्याने शेतकरी असल्याचा दाखला आणावा, तोही कोठल्या तरी सातबाऱ्यावर आधीच नाव असल्याचा.

गोवा १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडे, म्हणजे आंबोलीचा घाट उतरून थोडे पुढे गेले की परदेश. बाटल्या तेव्हाही वर येत होत्या. सीमा गेली तरी करातला फरक राहिला, आणि आजरा-चंदगडच्या रस्त्यांवर गाड्यांच्या डिक्क्या आजही उघडाव्या लागतात. त्याच गोव्यात परदेशी पर्यटकांनी घेतलेल्या घरा-जमिनींवरून या शतकाच्या पहिल्या दशकात चौकश्या झाल्या. परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणे पर्यटक म्हणून आलेल्याला स्थावर घेता येत नाही. १८२ दिवसांहून अधिक राहिले की हक्क मिळतो ही समजूत चुकीची ठरली. पुढे २०२३ मध्ये गोव्याने शेतजमीन बिगरशेतकऱ्याला विकण्यावर निर्बंध घालणारा कायदा केला. मुंबई राज्याच्या वाटेने जायला त्याला पंचाहत्तर वर्षे लागली.

मागील स्पर्धेत परकीयांना जमीन देऊ नये या बाजूने एक मुलगी फार तडफेने बोलली. खाली उतरल्यावर तिने आम्हांला विचारले, की तिच्या आत्याने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले आहे. आजोबांची जमीन वारसाहक्काने आत्याकडे येऊ शकते, पण लगतचा अर्धा एकर भावाकडून विकत घ्यायचा म्हटले तर कायदा आडवा येतो. मग आत्या परकी कधी झाली, शपथ घेतली तेव्हा की बांध ओलांडायचा ठरवला तेव्हा? आम्ही तिला पहिले पारितोषिक दिले होते. उत्तर मात्र देता आले नाही.