दुरुस्ती कोण तपासणार?

१९३२ साली हायझेनबर्गनं प्रोटॉन आणि न्यूट्रॉन ही एकाच कणाची दोन रूपं मानली. ही आयसोस्पिन सममिती. पण प्रोटॉनवर विद्युतभार असल्यानं ती किंचित मोडते. म्हणून ऑक्सिजन-१४ सारख्या अणुकेंद्रांच्या बीटा-ऱ्हासात टक्काभर किंवा त्याहून कमी दुरुस्ती करावी लागते. ती थेट मोजता येत नाही. गणितातून काढतात, आणि पद्धतीगणिक उत्तर बदलतं.

मग निवडायची कोणती? २०१० मध्ये टाउनर आणि हार्डी यांनी कसोटी सुचवली: जिच्यामुळे सगळ्या अणुकेंद्रांतून क्षीण बलाचा एकच आकडा येतो, ती. आकडा एकच यावा, हे फाइनमन आणि गेल-मान यांचं १९५८चं तत्त्व. कसोटी उपयोगाची आहे. पण तिच्यावरून दुरुस्ती निवडल्यावर त्याच आकड्यांनी तत्त्व सिद्ध झालं, असं म्हणता येत नाही. साक्षीदार आपणच निवडला, तर त्याच्या साक्षीचं वजन कमीच धरावं.