बर्मीज मांजर पाळायचीय? आधी तिचा स्वभाव समजून घ्या

मांजर म्हणजे स्वतःच्या तोऱ्यात राहणारा प्राणी, असा सर्वसाधारण समज आहे. बर्मीज मांजर या समजाला अपवाद आहे. ती घरभर माणसांच्या मागे फिरते, अनोळखी पाहुण्याच्या मांडीवरही जाऊन बसते. तिचा हाच लाघवी स्वभाव तिच्या संगोपनातली सर्वात मोठी जबाबदारी ठरतो.

ही जात आली कुठून?

१९३० मध्ये डॉ. जोसेफ थॉम्पसन यांच्याकडे अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहरात ब्रह्मदेशातून 'वाँग माऊ' नावाची तपकिरी मांजर आली. तिचा सयामी बोक्याशी संकर करण्यात आला. पुढच्या पिढ्यांतल्या गडद तपकिरी पिल्लांपासून आजची बर्मीज जात तयार झाली.

आखूड, चमकदार केस, सोनेरी-पिवळे डोळे आणि दिसण्यापेक्षा जास्त वजनदार, पिळदार शरीर ही तिची ओळख. लांब केसांची, निळ्या डोळ्यांची आणि पांढऱ्या पंजांची 'बर्मन' ही वेगळी जात आहे. नावातल्या साम्यामुळे गल्लत होते.

स्वभाव कसा असतो?

बर्मीज खेळकर असते आणि मोठेपणीही तशीच राहते. मुलांशी तिचं सहसा चांगलं जमतं, मात्र लहान मुलांना मांजर नीट उचलायला शिकवावं लागतं. एकटेपणा तिला मानवत नाही. घरातले सगळे दिवसभर बाहेर असतील तर ती सतत ओरडू शकते किंवा सामानाची नासधूस करू शकते. अशा घरात दुसरं मांजर सोबतीला असलेलं बरं.

गडबसारख्या गावात काय काळजी घ्यावी?

पेण तालुक्यातलं गडब मुंबई-गोवा महामार्गालगत आहे. कोकणातल्या घरांची दारं दिवसभर उघडी आणि गावठी मांजरं मोकळी फिरणारी. बर्मीजला असं सोडणं धोक्याचं आहे. माणसांवर चटकन विश्वास टाकणारी ही मांजर कुणीही सहज उचलून नेऊ शकतं. वाहनं, कुत्री आणि पावसाळ्यातले साप हे धोके वेगळेच. त्यामुळे तिला घरातच ठेवावं आणि खिडक्यांना, पडवीला जाळी लावावी.

उन्हाळ्यात पंखा, सावली आणि दोन-तीन ठिकाणी ताजं पाणी हवं. मांजर तोंड उघडून धापा टाकत असेल तर तिला लगेच गार जागी न्यावं आणि डॉक्टरांना फोन करावा.

खायला काय द्यावं?

घरात रोज मासळी असली तरी फक्त मासळी-भातावर मांजर ठेवू नये. मांजराला टॉरिन हा घटक आहारातूनच मिळावा लागतो. म्हणून समतोल कॅट फूड मुख्य ठेवावं. शिजवलेली, काटे काढलेली, बिनमिठाची मासळी अधूनमधून चालते. खारवलेली सुकी मासळी, कांदा, लसूण आणि चॉकलेट टाळावं.

सर्वात महत्त्वाचं: ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉल देऊ नये. एक गोळीही मांजराच्या जिवावर बेतू शकते.

आरोग्याचं काय?

या जातीत मधुमेहाचा धोका तुलनेने जास्त आढळला आहे, म्हणून वजन आटोक्यात ठेवावं. काही पिल्लांत आनुवंशिक दोषामुळे रक्तातलं पोटॅशियम कमी होतं. अशक्तपणा आणि मान खाली झुकणं ही त्याची लक्षणं. जनुकीय चाचणीतून हा दोष कळतो आणि पोटॅशियम देऊन तो आटोक्यात ठेवता येतो.

पिल्लाचं लसीकरण साधारण आठव्या आठवड्यापासून सुरू होतं. रेबीजची लस आणि वेळेत नसबंदीही आवश्यक आहे.

घेण्याआधी काय तपासावं?

केवळ तपकिरी रंग पाहून पिल्लू 'बर्मीज' मानू नये. वंशावळीची कागदपत्रं मागावीत, शक्य असल्यास पिल्लाची आई पाहावी. बारा आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नये.

शेवटचा प्रश्न घरच्यांनी स्वतःलाच विचारायचा: तिच्यासाठी रोज वेळ देणारं कुणी घरात आहे का? उत्तर 'नाही' असेल, तर बर्मीज न आणलेलीच बरी.