मोजणी, हक्क आणि निर्णय : महाराष्ट्राच्या जलकारभाराची तीन अंगे

1. विषयाची मांडणी

देशातील मोठ्या धरणांपैकी एक तृतीयांशाहून अधिक धरणे एकट्या महाराष्ट्रात आहेत. तरीही राज्याच्या पीकक्षेत्रातील सिंचनाचा वाटा दीर्घकाळ 18 टक्क्यांच्या आसपास अडकून राहिला, आणि एप्रिल 2016 मध्ये लातूर शहराला प्यायचे पाणी मिरजेहून रेल्वेने न्यावे लागले. धरणे वाढत गेली आणि तहानही वाढत गेली, याचा सगळा दोष पावसाच्या माथी मारून भागत नाही. साठलेले पाणी कोणाकडे जाते आणि ते कोण ठरवते, हे तपासावे लागते.

कोणाला, किती, केव्हा आणि कोणाच्या निर्णयाने पाणी मिळेल हे ठरवणारे नियम, संस्था आणि प्रत्यक्ष व्यवहार, या सगळ्यांना मिळून येथे ‘जलकारभार’ म्हटले आहे. या विवेचनाचे प्रतिपादन असे : टिकाऊ जलकारभाराला मोजणी, हक्क आणि निर्णय अशी तीन अंगे असतात. तिन्ही एकत्र आल्याशिवाय त्यांतले कोणतेच चालत नाही. मोजणीवाचून हक्क कागदावर राहतो, निर्णयाचा अधिकार नसेल तर मोजणी अहवालात पडून राहते, आणि हक्क ठरलेले नसतील तर निर्णय बलवानाच्या बाजूने होतो. महाराष्ट्राने गेल्या पन्नास वर्षांत या तिन्ही अंगांवर देशाला दिशा देणारे प्रयोग केले. ते एकाच ठिकाणी, एकाच वेळी फार थोड्या वेळा जुळले, हे आपल्या अपयशाचे मूळ आहे.

2. भूमी आणि वारसा

राज्याचा सुमारे 82 टक्के भूभाग बेसॉल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा आहे. गंगेच्या मैदानासारखे खोल गाळाचे थर येथे नाहीत. पाणी मुरूमात, झिजलेल्या थरात आणि खडकाच्या भेगांत राहते. पावसाळ्यात हा साठा भरतो आणि उन्हाळ्यापर्यंत बहुतेक संपतो. त्यामुळे येथील भूजलाचा हिशेब दरवर्षी आणि गावाच्या, पाणलोटाच्या पातळीवरच करावा लागतो. राज्यभराच्या सरासरीवरून कोणत्याही विहिरीचे भवितव्य कळत नाही.

या भूमीवर दोन परस्परविरोधी परंपरा रुजल्या. पहिली खानदेशातील पांझरा आणि तिच्या आसपासच्या नद्यांवरील फड पद्धतीची. बंधाऱ्याखालचे क्षेत्र फडांत विभागले जाई, एका फडात एका हंगामात एकच पीक असे, आणि पाणी कमी पडेल त्या वर्षी कोणता फड पडीक ठेवायचा हे शेतकरी मिळून ठरवीत. पाटकरी आणि जागले गावाने नेमलेले असत. टंचाईचा भार वाटून घेण्याचा नियम या पद्धतीच्या रचनेतच होता.

दुसरी परंपरा वासाहतिक कायद्याची आणि सरकारी कालव्याची. 1882 च्या सुविधाधिकार कायद्याने जमिनीखालचे पाणी उपसण्याचा अधिकार जमीनमालकाशी जोडला. कालव्यावर शेतकरी हा अर्जदार झाला : नमुना 7 भरायचा, मंजुरीची वाट पाहायची आणि पीक व क्षेत्र यांनुसार पाणीपट्टी भरायची. एका हेक्टरला दुप्पट पाणी घेतले तरी आकारणी तीच, म्हणून पाणी वाचवण्याला कारण उरले नाही. कालव्याच्या मुखाशी असलेल्याने हवे तेवढे घेतले आणि टेलच्या शेतकऱ्याच्या वाट्याला कोरडी चारी आली. स्वातंत्र्यानंतर धरणे झपाट्याने वाढली, पण वाटपाची ही चौकट बहुतांशी तशीच राहिली.

3. पहिले अंग : मोजणी

पाणी क्षेत्रावर न देता घनमापन पद्धतीने द्यावे, हा नव्या धोरणाचा पाया आहे. त्याचा सर्वांत बोलका दाखला नाशिक जिल्ह्यातील वाघाड प्रकल्पाचा. दिंडोरी तालुक्यातील या धरणाचे पाणी कालव्याच्या शेवटी असलेल्या ओझरपर्यंत पोचत नव्हते. बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने 1990 च्या सुमारास तेथे पाणी वापर संस्था उभ्या केल्या. संस्थेने जलसंपदा विभागाकडून ठरलेले पाणी मोजून घ्यायचे, आत त्याचे वाटप स्वतः करायचे आणि पट्टीही स्वतः गोळा करायची, असा करार झाला. पुढे संपूर्ण प्रकल्पाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती आले.

वाघाडच्या संस्थांनी कालवा आणि विहीर यांचा हिशेब एकत्र केला, आणि ही त्यांची सर्वांत महत्त्वाची देणगी आहे. कालव्याचे पाणी ओढ्यानाल्यांत सोडून जिरवले, त्यामुळे विहिरींना पाझर वाढला, आणि त्या विहिरींवर भिजणाऱ्या शेतीनेही पाणीपट्टी द्यावी असे ठरले. शासकीय व्यवस्थेत भूपृष्ठावरील पाणी एका यंत्रणेकडे आणि भूजल दुसरीकडे असते, निसर्गात मात्र ते एकच आहे. ही गोष्ट शेतकऱ्यांच्या संस्थेने धोरणकर्त्यांच्या आधी अमलात आणली.

भूजलाच्या मोजणीचा धडा अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने दिला. पोपटराव पवार 1989 मध्ये सरपंच झाल्यानंतर पाणलोटाची कामे झाली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्याइतकेच मोल पुढच्या शिस्तीला आहे. पडलेला पाऊस आणि विहिरींची पातळी पाहून ग्रामसभा दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते. आधी माणसे आणि जनावरे यांच्या पिण्याची तरतूद होते, उरलेल्या पाण्यावर पिके ठरतात. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस आणि केळी लावायची नाहीत, हे नियम गावाने स्वतःवर घालून घेतले आहेत. तिथली मोजणी ग्रामसभेच्या निर्णयाला बांधलेली आहे, म्हणून ती टिकली.

उलट अनुभवही आहे. राज्याने सिंचन प्रकल्पांचे जललेखा अहवाल काढायला सुरुवात केली, ही देशात पुढारलेली गोष्ट होती. पण कालव्यांवर पुरेसे आणि चालू स्थितीतले प्रवाहमापक नसतील, तर अहवालातील आकडा अंदाजाचाच राहतो. शिवाय एखाद्या प्रकल्पाची तूट दिसली म्हणून त्याचे पुढचे आवर्तन बदलेल, अशी साखळी त्या अहवालांना नाही.

4. दुसरे अंग : हक्क

पाण्यावरचा हक्क जमिनीचा की माणसाचा, हा प्रश्न 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी धीटपणे विचारला. त्यांच्या पाणी पंचायतीत पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणशी अर्धा एकर, आणि कुटुंबाला कमाल अडीच एकर, या हिशेबाने मिळे. भूमिहीनालाही वाटा होता. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्यासोबत जात नसे, आणि उसासारखे बारमाही पीक घेता येत नसे. उपसा योजनेच्या खर्चातला ठरावीक भाग लाभार्थींनी उचलायचा, ही अटही होती. हक्क आणि जबाबदारी यांचा असा मेळ घालणारे सूत्र त्यानंतरच्या कोणत्याही शासकीय धोरणाने इतक्या स्पष्टपणे मांडलेले नाही.

2005 मध्ये राज्याने दोन महत्त्वाचे कायदे केले : महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा आणि सिंचन पद्धतीच्या शेतकऱ्यांकडून व्यवस्थापनाचा. पाणी वापर संस्थेला घनमापनाने ठरलेली हक्कदारी मिळावी, त्या मर्यादेत शेतकऱ्याने हवे ते पीक घ्यावे, आणि कालव्याच्या मुख, मध्य व पुच्छ अशा तिन्ही भागांना संस्थेच्या कारभारात समान स्थान असावे, ही त्यांतील तत्त्वे निःसंशय प्रगत आहेत. मात्र या कायद्यातील हक्क लाभक्षेत्रातील जमीनधारकापुरता आहे. सातबाऱ्यावर नाव नसलेली शेतकरी स्त्री, शेतमजूर आणि लाभक्षेत्राबाहेरचा कोरडवाहू शेतकरी त्यात येत नाहीत. नायगावने उघडलेले दार कायद्याने पुन्हा लोटून घेतले.

हक्काचा दुसरा पैलू अग्रक्रमाचा. 2003 च्या राज्य जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योग आणि मग शेती असा क्रम होता. शेतकरी संघटना आणि अभ्यासक यांच्या विरोधानंतर 2011 मध्ये शेती दुसऱ्या क्रमांकावर आली. हा बदल न्याय्य होता. पण ‘शेती’ या एका शब्दाखाली कोरडवाहू ज्वारीला द्यायचे एक संरक्षक पाणी आणि बारमाही ऊस दोन्ही मावतात. राज्याच्या पीकक्षेत्रात चार टक्क्यांच्या आसपास असलेला ऊस सिंचनाच्या पाण्याचा सुमारे 70 टक्के वाटा घेतो, हे केंद्रीय कृषिमूल्य आयोगाने नोंदवले आहे. म्हणून अग्रक्रम क्षेत्रांमध्ये लावून थांबता येत नाही, तो शेतीच्या आतही लावावा लागतो : आधी प्रत्येक शेतकऱ्याचे हंगामी पीक वाचवणारे पाणी, मग उरेल ते बारमाही पिकांना.

5. तिसरे अंग : निर्णय

मोजलेले पाणी आणि ठरलेले हक्क प्रत्यक्षात आणणारी संस्था स्वतंत्र असावी, या विचारातून जलसंपत्ती नियमन प्राधिकरण जन्माला आले. असे प्राधिकरण स्थापणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य. पण 2011 च्या दुरुस्तीने पिणे, उद्योग आणि शेती यांच्यातील क्षेत्रीय वाटप ठरवण्याचा अधिकार मंत्रिमंडळाकडे गेला. लोकनियुक्त सरकारने असे निर्णय घ्यावेत, या युक्तिवादात तथ्य आहे. मात्र सरकारच्या निर्णयाआधी जाहीर सुनावणी, जललेखा आणि बाधितांचे म्हणणे यांची सक्ती नसेल, तर वाटपाचे कारण लोकांना कधी कळतच नाही.

जायकवाडीचा वाद या अंगाची खरी कसोटी ठरला. प्राधिकरणाच्या कायद्यातील कलम 12(6)(ग) सांगते की खोऱ्यातील किंवा उपखोऱ्यातील सर्व जलाशयांत, खरिपाचा वापर धरून, उपलब्ध पाण्याची टक्केवारी ऑक्टोबरअखेर साधारण सारखी राहील असे नियंत्रण करावे. पैठणच्या नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाच्या, वर नाशिक आणि नगरकडच्या धरणांची साखळी आहे, आणि कमी पावसाच्या वर्षी पाणी वरच अडते. मेंढेगिरी समितीने 2013 मध्ये कोणत्या परिस्थितीत कोणत्या धरणसमूहातून किती पाणी सोडावे याची सूत्रे मांडली. त्यांच्या आधारे प्राधिकरणाने 2014 मध्ये आदेश दिला : 15 ऑक्टोबरच्या आढाव्यात जायकवाडीचा साठा, खरिपाचा वापर धरून, 65 टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वरून पाणी सोडावे. 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले.

या प्रकरणात तिन्ही अंगे एकत्र आली : साठ्याची मोजणी होती, कलमाने दिलेला हक्क होता आणि निर्णय देणारी संस्था होती. म्हणूनच नियमाने पाणी सुटू लागले. तरीही टंचाईच्या वर्षी तोच वाद नव्याने पेटतो, कारण धरणांच्या लाभक्षेत्रांत वाटपाचे असे नियम नाहीत. वरचा शेतकरी आपल्या हक्काबद्दल साशंक असतो, आणि खाली पोचलेले पाणी कोरडवाहू गावाला मिळेल की उसाला, याची खात्री मराठवाड्यालाही नसते. समन्याय खोऱ्यापाशी थांबला तर तो दोन प्रदेशांचे भांडण होतो. तो चारीपर्यंत गेला पाहिजे.

6. भूजल : तिन्ही अंगांची सर्वांत मोठी उणीव

राज्यात सिंचनाचा फार मोठा भार विहिरी आणि बोअर उचलतात, आणि तिथेच कारभार सर्वांत दुबळा आहे. 2009 च्या भूजल कायद्याने शेती आणि उद्योगासाठी 60 मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंदी, अधिसूचित क्षेत्रांत उपशाचे नियमन, पाणलोट पातळीवरच्या समित्या आणि पाण्याच्या उपलब्धतेनुसार पीक योजना, अशी चौकट दिली. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणालाच भूजलाचेही प्राधिकरण ठरवून दोन्ही पाण्यांचे नियमन एका छताखाली आणले. पण गावोगाव बोअरयंत्रे चालूच राहिली. त्यांना अडवण्याचे काम जिने करायचे, त्या पाणलोट समितीला मनुष्यबळ आणि अधिकार यांचे पाठबळ मिळाले नाही.

चांगल्या हेतूच्या योजनाही हिशेबावाचून उलट्या फिरतात. शेततळे पावसाचे वाहते पाणी धरण्यासाठी होते. प्लास्टिकचे अस्तर घालून ते विहिरीच्या उपशाने भरले जाऊ लागले, तेव्हा सर्वांचे भूजल एका शेतकऱ्याच्या तळ्यात जाऊन उन्हात वाफ होऊ लागले. ठिबकचेही तसेच : बचत झालेले पाणी ताळेबंदात जमा झाले नाही, तर त्यावर फळबाग वाढते आणि एकूण उपसा होता तेवढाच राहतो. डिसेंबर 2019 मध्ये महाराष्ट्रासह सात राज्यांत सुरू झालेल्या अटल भूजल योजनेने गावाचे जलअंदाजपत्रक आणि निधी यांची सांगड घातली, ही योग्य दिशा आहे. त्या अंदाजपत्रकाला ग्रामसभेचा बंधनकारक पीकनिर्णय जोडला, तरच त्यातून हिवरे बाजारसारखी शिस्त उभी राहील.

7. सुधारणेचा क्रम

वरील विवेचनातून धोरणासाठी एक क्रम निघतो.

पहिले, कालव्याच्या प्रत्येक वितरिकेवर आणि मोठ्या उपशाच्या प्रत्येक ठिकाणी मापन, आणि त्याचे आकडे आवर्तनागणिक ग्रामपंचायतीत जाहीर. नवे प्रकल्प हाती घेण्याआधी जुन्या प्रकल्पांवर हा खर्च व्हावा.

दुसरे, हक्काची व्याप्ती वाढवणे. प्रत्येक कुटुंबाला उपजीविकेपुरत्या पाण्याची किमान हमी, पाणी वापर संस्थेत सातबारा नसलेल्या शेतकरी स्त्रियांना सदस्यत्व, आणि बारमाही पिकांना फक्त त्यानंतर उरलेल्या पाण्यातून वाटा.

तिसरे, निर्णयाची पायरी. उपखोऱ्याच्या पातळीवर प्राधिकरणाची जाहीर सुनावणी, आणि पाणलोटाच्या पातळीवर ग्रामसभांचा संयुक्त निर्णय. दोन्ही ठिकाणी कालव्याचे आणि विहिरीचे पाणी एकाच ताळेबंदात.

चौथे, शहरांना आणि उद्योगांना त्यांच्याच सांडपाण्याकडे वळवणे. नागपूर शहराचे प्रक्रिया केलेले सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला वापरता येते, तर मोठ्या शहरांजवळच्या इतर उद्योगांनीही धरणातले ताजे पाणी मागण्याआधी हा पर्याय संपवलेला असावा.

पाचवे, पाण्याबाहेरच्या धोरणांची जुळणी. उसाला कारखान्याचा आणि रास्त दराचा आधार मिळतो, ज्वारी, तूर आणि करडईला तेवढी खात्रीची खरेदी मिळत नाही. अशा बाजारात केवळ बंदीने पीक बदलत नाही. कमी पाण्याच्या पिकांची हमीभावाने खरेदी हासुद्धा जलनीतीचाच भाग मानला पाहिजे.

या क्रमातील पहिल्या तीन गोष्टी एकाच उपखोऱ्यात एकत्र राबवून पाहाव्यात. वेगवेगळ्या जिल्ह्यांत सुटे प्रयोग करण्याची वेळ आता सरली आहे. ओझरने मोजणी दाखवली, नायगावने हक्क, हिवरे बाजारने निर्णय. तिन्ही साध्या माणसांनी, तुटपुंज्या साधनांनी आणि अवर्षणप्रवण मुलखात करून दाखवले. म्हणून हे जमणार नाही असे म्हणण्याचा अधिकार शासनाला उरलेला नाही, आणि आपापल्या गावाचा पाण्याचा हिशेब मागण्याचे कर्तव्य नागरिकांनाही टाळता येणार नाही.