पेशींचा चुना आणि एक माओरी कुटुंब

जुन्या वाड्याची भिंत आपण पाहिली असेल. दगड कितीही चांगले असोत, त्यांना धरून ठेवतो तो मधला चुना. तो झडला की दगड सुटे झालेच म्हणून समजा. आपल्या जठराचे अस्तर अशाच लहान लहान पेशींनी बांधलेले आहे.

जठराच्या कर्करोगाचे दोन मुख्य प्रकार फिनलंडचे पेक्का लाउरेन यांनी १९६५ साली दाखवून दिले. एकात रोगट पेशी गोळा होऊन गाठ धरतात. दुसऱ्यात त्या मुठीतले दाणे फेकावेत तशा सुट्या पसरतात. हा दुसरा प्रकार मोठा फसवा. वरून अस्तर धडधाकट दिसते आणि आत रोग पसरत असतो.

पण पेशी सुट्या होतात कशाने? जपानच्या मासातोशी ताकेइची यांना आढळले होते, की पेशींना एकमेकींस धरून राहण्यासाठी कॅल्शियम लागते. चुन्यातही तेच असते, बरं का! या पकडीचे काम करणारे प्रथिन त्यांनी शोधले व १९८४ साली त्याला 'कॅडहेरिन' हे नाव दिले. जठराच्या अस्तरात त्यातले 'ई-कॅडहेरिन' असते. फसव्या प्रकारच्या रोगात ते बिघडलेले आढळू लागले. मात्र हा बिघाड रोगाचे कारण की परिणाम, हा प्रश्न राहिलाच.

त्याचे उत्तर न्यूझीलंडमधील एका माओरी कुटुंबाने मिळवून दिले. तेथे पिढ्यान्‌पिढ्या ऐन उमेदीतली माणसे याच रोगाने जात. काहींना हा शापच वाटे. अखेर कुटुंबातील मंडळीच ओटागो विद्यापीठाच्या संशोधकांकडे गेली. माओरी लोक आपली वंशावळ जिवापाड जपतात. ती त्यांनी पुढे ठेवली, रक्त तपासायला दिले. पॅरी गिलफर्ड व सहकाऱ्यांनी १९९८ साली दोष शोधून काढला. ई-कॅडहेरिन घडवणारे जनुकच जन्मतः सदोष होते! म्हणजे बिघाड आधी, रोग मागाहून. त्या शोधनिबंधाच्या लेखकांत कुटुंबातील माणसांचीही नावे आहेत.

बहुतेक जनुकांच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. दोष असलेल्या माता-पित्याच्या प्रत्येक मुलात तो उतरण्याचा संभव निम्मा. रक्ताच्या तपासणीने तो आता कळतो. ज्यांच्यात दोष नाही, त्यांची भीती सरली. ज्यांच्यात आहे, त्यांच्यापैकी अनेकांनी रोग बळावण्याआधीच संपूर्ण जठर काढून घेतले. किंमत लहान नाही: जन्मभर थोडे थोडे खावे लागते, ब-१२ जीवनसत्त्व टोचून घ्यावे लागते. पण माणूस जगतो.

एक लक्षात ठेवावे. असा आनुवंशिक रोग जठराच्या कर्करोगाच्या शंभर रोग्यांत एक ते तिघांनाच असतो. तेव्हा उगाच घाबरू नये. मात्र एकाच घरात हा रोग पुन्हापुन्हा दिसला, तर दैवाला बोल न लावता डॉक्टरांना घरची सारी हकिकत सांगावी. त्या माओरी कुटुंबाने हेच केले.