३१ डिसेंबरच्या पवनचक्क्या

१९७३ साली अरब देशांनी तेल अडवलं आणि अमेरिकेत पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. लोकांनी उन्हावर पाणी तापवावं, असं तिथल्या राज्य सरकारांना तेव्हा वाटू लागलं. पण रोख अनुदान द्यायचं तर ते अंदाजपत्रकात दिसतं आणि त्यावर विरोधक तुटून पडतात. त्यापेक्षा येणारा कर सोडून देणं सोपं. अमेरिकेत केंद्राखेरीज बहुतेक राज्यंही स्वतःचा आयकर घेतात, तेव्हा हे हत्यार त्यांच्या हाताशीच होतं.

कॅलिफोर्नियाने १९७६ मध्ये खर्चाच्या १० टक्के सवलत दिली. पुढच्याच वर्षी, जेरी ब्राउन गव्हर्नर असताना, ती ५५ टक्क्यांवर नेली. कमाल मर्यादा ३,००० डॉलर. आपल्याकडची ‘८० सी’ची वजावट उत्पन्नातून होते, ही सूट थेट भरायच्या करातून होती. ४,००० डॉलरची यंत्रणा बसवली की राज्याचा कर २,२०० डॉलरनी कमी. साहजिकच विक्रेते दारोदार फिरू लागले. या सवलतीतली बरीच रक्कम घरामागच्या पोहण्याच्या तलावाचं पाणी कोमट ठेवण्यात गेली, हे मात्र कायदा करणाऱ्यांच्या मनात नसावं. ज्याला कर भरपूर त्यालाच सूट, म्हटल्यावर दुसरं काय होणार!

खरी धमाल उडाली ती वाऱ्यात. पवनचक्कीच्या खर्चावर राज्याची २५ टक्के आणि केंद्राची २५ टक्के सवलत, वर घसारा, म्हणजे यंत्राची किंमत झिजते म्हणून उत्पन्नातून मिळणारी वजावट. डॉक्टर, दंतवैद्य अशी बख्खळ कमावणारी मंडळी भागीदार म्हणून पैसे ओतू लागली. आल्टामाँट खिंड, टेहाचापी, सॅन गोर्गोनिओ इथल्या बोडक्या टेकड्यांवर हजारो चक्क्या उभ्या राहिल्या. १९८०च्या दशकाच्या मध्याला जगातली बहुतेक पवनवीज एकट्या कॅलिफोर्नियात होती.

मेख एवढीच की सवलत वाऱ्यावर नव्हती, बिलावर होती. चक्की ३१ डिसेंबरच्या आत उभी राहिली की त्या वर्षाचा कर वाचला; जानेवारीत तिचं पातं मोडलं तरी वाचलेला कर वाचलेलाच. घाईत उभारलेल्या कितीतरी अमेरिकन चक्क्या खरोखरच मोडल्या. टेहाचापीत जिम डेलसन यांच्या झाँड कंपनीने मग डेन्मार्कची वाट धरली. तिथे शेतीची अवजारं बनवणाऱ्या वेस्टासच्या चक्क्या बोजड होत्या, पण टिकाऊ.

केंद्राची सवलत १९८५ अखेर संपणार होती. त्या वर्षी वेस्टासचा माल समुद्रात असताना जहाज कंपनीचं दिवाळं निघालं आणि चक्क्या मुदतीनंतर पोचल्या. झाँडला आता त्यांचा उपयोग नव्हता. राज्याची सवलतही ओसरली. ऑक्टोबर १९८६ मध्ये वेस्टासने देणी थांबवली, आणि १९८७ मध्ये कंपनी नव्याने उभी करावी लागली. सवलत यंत्रावर नको, तयार होणाऱ्या युनिटवर हवी, हे शहाणपण अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात १९९२ साली उतरलं: युनिटमागे दीड सेंट.

आपल्याकडे तोच खेळ घसाऱ्याच्या नावाने झाला. नव्वदच्या दशकात पवनचक्कीवर पहिल्याच वर्षी १०० टक्के घसारा मिळायचा, नंतर तो ८० टक्के झाला. सातारा जिल्ह्यात वनकुसवड्याच्या पठारावर चक्क्यांची रांग लागली त्यात वाऱ्याइतकाच हात या घसाऱ्याचा आणि राज्याने दिलेल्या विक्रीकर सवलतीचा होता. यंत्र १८० दिवसांहून कमी वापरलं तर घसारा निम्माच, म्हणून सप्टेंबरअखेर गाठायची धावपळ. ती हुकली तर निदान ३१ मार्च. २००९ साली केंद्राने युनिटमागे ५० पैसे देऊ केले, पण घसारा सोडला तरच. २०१२ मध्ये हे ५० पैसे आणि वाढीव घसारा दोन्ही थांबले, तशी नव्या चक्क्यांची उभारणी निम्म्याच्या आसपास आली. २०१४ मध्ये सरकारने घसारा परत आणला.