बोटीवरचा फ्रीज आणि हॅरिसनचा बर्फ

आवाज थांबल्यामुळे कधी जाग आली आहे का तुम्हाला? मला आली होती. 2019 च्या फेब्रुवारीत, ऑस्ट्रेलियात, जिलाँग शहरासमोरच्या कोरायो उपसागरात नांगर टाकून उभ्या असलेल्या एका छोट्या शिडाच्या बोटीवर, पहाटे तीन वाजता. फ्रीजची घरघर बंद पडली होती आणि त्या फ्रीजमध्ये माझं दोन महिन्यांचं इन्सुलिन होतं!

बोट माझ्या भाच्याची, मंदारची. तो मेलबर्नला असतो. "आत्या, तीन रात्री बोटीवर काढू," म्हणाला आणि मी सत्तरी ओलांडलेली बाई हो म्हणून बसले. भाचेसून म्हणत होती, इन्सुलिनची पेनं घरच्या फ्रीजमध्ये राहू द्या, एक चालू पेन न्या. पण आपलं औषध आपल्याजवळ हवं, हा माझा जुना हट्ट. सगळी घेऊन गेले.

बोट धक्क्याला बांधलेली असते तेव्हा तिथे प्लग असतो, काळजी नाही. समुद्रात नांगर टाकला की मात्र जे काही बॅटरीत आहे तेवढंच आपलं. लोडशेडिंगच्या काळात आपण सगळ्यांनीच घरात इन्व्हर्टर बसवले होते ना, तशाच शिशाच्या दोन बॅटऱ्या, शंभर-शंभर अँपिअर-तासांच्या. म्हणजे दोनशे? तर नाही. मंदारने पहिल्याच संध्याकाळी समजावलं, की या बॅटरीतलं निम्मंच वापरायचं. त्याखाली वरचेवर गेलं की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. म्हणजे हाती शंभर. फ्रीजचा कॉम्प्रेसर चालू असताना साधारण चार अँपिअर घेतो आणि उन्हाळ्यात निम्मा वेळ चालतो, म्हणजे दिवसाला अठ्ठेचाळीस. दिवे, फोन, रात्रभर लावायचा नांगराचा दिवा धरून साठ. टपावरचं सोलर पॅनेल चांगलं ऊन असेल तर तीस परत देतं. उरलेल्या तिसांसाठी इंजिन चालवायचं.

मास्तरीण असल्यामुळे मी लगेच वही काढली आणि जमाखर्च मांडला. आमच्या आईचा वाणसामानाचा हिशेब याहून वेगळा नव्हता.

फ्रीजचं झाकण वरून उघडणारं. थंड हवा जड असते, ती पेटीत खालीच बसून राहते, कपाटासारखं दार असतं तर उघडल्याबरोबर पायाशी सांडली असती. रिकाम्या जागेत मंदारने पाण्याच्या बाटल्या कोंबल्या होत्या. धक्क्यावर असतानाच सगळं गार करून घेतलं होतं, कारण तिथली वीज बॅटरीतली नव्हे. एवढा बंदोबस्त, आणि मी दिवसातून दहा वेळा झाकण उघडून पेनं बघत होते. इन्सुलिन दोन ते आठ अंशांत राहायला हवं, आणि गोठलं तरी वाया जातं, त्यामुळे ते थंड पत्र्याला चिकटलं तर नाही ना, ही दुसरी काळजी. मंदार शेवटी म्हणाला, "आत्या, तू उघडलं नाहीस तर ते जास्त सुखात राहील."

आता हॅरिसनबद्दल सांगते, कारण त्या रात्री आम्ही त्याच्याच गावासमोर उभे होतो.

जेम्स हॅरिसन हा मूळचा स्कॉटलंडचा, जिलाँगला वर्तमानपत्राचा संपादक. तिथे बर्फ मिळायचा तो जहाजाने आणलेला. अमेरिकेतल्या तळ्यांवरचा बर्फ भुशात गुंडाळून जगभर जात असे, आपल्याकडेसुद्धा. 1833 मध्ये 'टस्कनी' हे जहाज बोस्टनहून 180 टन बर्फ घेऊन कलकत्त्याला निघालं, चार महिन्यांनी पोचलं तेव्हा सुमारे 100 टन शिल्लक होता. त्या वेळी हे नवल वाटलं. मला आता त्यातले वाटेत वितळलेले ऐंशी टनच दिसतात.

हॅरिसनने बर्फ करण्याचं यंत्र बांधलं. ईथर वाफ होताना उष्णता ओढून घेतं, त्या वाफेला दाबून पुन्हा द्रव करायचं, पुन्हा वाफ होऊ द्यायची. पर्किन्स नावाच्या अमेरिकन माणसाने 1834 मध्ये अशा यंत्राचं पेटंट घेतलं होतं, पण ते धंद्यात उभं केलं हॅरिसनने, 1850 च्या दशकात, बारवन नदीकाठी. आपल्या स्वयंपाकघरातला फ्रीज याच तत्त्वावर चालतो. मंदारच्या बोटीवरचाही.

पण हाच माणूस समुद्रावर हरला. ऑस्ट्रेलियात मेंढ्या उदंड, इंग्लंडमध्ये मांस महाग. 1873 मध्ये त्याने 'नॉर्फोक' जहाजातून सुमारे वीस टन गोठवलेलं मांस लंडनला पाठवलं. गंमत म्हणजे स्वतःचं यंत्र त्याने जहाजावर चढवलंच नाही. बर्फ आणि मिठाचा साठा भरून दिला, वाटेत तो पुरेल असा हिशेब केला. टाक्या गळल्या, साठा संपला, मांस नासलं. हॅरिसन कर्जात बुडाला आणि पुन्हा लेखणी हाती घेऊन पोट भरू लागला.

नऊ वर्षांनी, 1882 मध्ये, न्यूझीलंडच्या 'डनीडिन'ने उलटा मार्ग धरला. हे शिडाचं जहाज वाऱ्यावर चालायचं, पण पोटात वाफेचं यंत्र होतं, फक्त थंडावा करण्यासाठी. दिवसाला तीनेक टन कोळसा खायचं. ठिणग्यांनी शिडांना आग लागायची भीती. विषुववृत्ताजवळ वारा पडला, थंड हवा सगळीकडे फिरेना, तेव्हा कप्तान व्हिटसन स्वतः हवेच्या बोगद्यात सरपटत शिरला, भोकं पाडली, आणि गारठून असा पडला की त्याला दोरीने ओढून काढावं लागलं. अठ्ठ्याण्णव दिवसांनी जहाज लंडनला पोचलं, जवळजवळ सगळं मांस उत्तम.

मी शाळेत इतिहास शिकवला, पण हा इतिहास क्रमिक पुस्तकात कुठे नव्हता. असो.

तर दुसऱ्या दिवशी आभाळ आलं. सोलरचा जमा जवळपास शून्य. "आज इंजिन नको लावू रे, किती शांत वाटतंय," असं मीच म्हणाले होते! वहीप्रमाणे शंभराच्या आसपास शिल्लक होते, म्हणजे अगदी काठावर, पण चालण्यासारखं. तरी पहाटे तीनला फ्रीज थांबला. व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेलं की तो बॅटरी वाचवायला स्वतःच बंद होतो. मंदारने टॉर्चच्या उजेडात मीटर पाहिलं आणि डोक्यावर हात मारला. बॅटऱ्या जुन्या. पाटीवर दोनशे, आत कधीचे कमी झालेले. माझा हिशेब बरोबर होता, टाकीच गळकी होती, 'नॉर्फोक'सारखी.

इंजिनाची बॅटरी वेगळी ठेवलेली, त्यामुळे अडलो नव्हतो. पण शेजारी दोन बोटी झोपलेल्या, पहाटे तीनला इंजिन कसं लावणार? मंदारने फ्रीजवर गोधडी टाकली आणि म्हणाला, "सकाळपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही." चार तास मी त्या पेटीशेजारी बसून होते. आत सात अंश असतील की बारा, ते कळायला उघडायला हवं, आणि उघडलं तर वाढणार. परदेशात डॉक्टर, नवं प्रिस्क्रिप्शन, खर्च, पोराच्या मागे कटकट, सगळं डोळ्यांसमोर येत होतं.

सातला इंजिन लागलं. मग झाकण उघडलं, आतली तापमापी पाहिली. साडेसात.

इंजिन तासभर घरघरत राहिलं, एका शिडाच्या बोटीचं इंजिन, बोट जागची हलत नसताना. त्या तासाचे अंदाजे तीस मी वहीत जमा मांडले. दुपारी गावात गेलो तेव्हा बारवनवरून गाडी नेताना मंदारने एक पूल दाखवला, जेम्स हॅरिसनच्या नावाचा.

2022 मध्ये त्याने लिथियमच्या बॅटऱ्या बसवल्या. त्यातलं निम्मं नव्हे, ऐंशी टक्के सहज वापरता येतं म्हणे. फोटो पाठवला, खाली लिहिलं होतं, "आत्या, ये आता. पाहिजे तेवढ्या वेळा झाकण उघड." मी कळवलं, येते, पण वही घेऊन.