व्हिडिओतली गवत कापायची गाडी शेतात चालेल का? जुनं इंजिन विकत घेण्याआधी हे बघा

अमेरिकेतला कुणीतरी शेडमधून गंजलेली, बसून चालवायची गवत कापायची गाडी बाहेर ओढतो. खालची पाती काढतो, मागं जाड नक्षीचे टायर चढवतो आणि दहा मिनिटांच्या व्हिडिओत तीच गाडी चिखलातून लाकडं ओढताना दिसते. हे व्हिडिओ आता गावोगावच्या ग्रुपवर फिरतात आणि खाली प्रश्न ठरलेला असतो: आपल्याकडं असं करता येईल का? करता येतं. पण व्हिडिओत जे तोडलं, वेल्ड केलं ते दिसतं, आणि महिन्याभरानं जे मोडतं ते दिसत नाही.

आधी ही गाडी काय आहे ते बघू. तिला तिकडं रायडिंग मोवर म्हणतात. अमेरिकेत घराभोवती अर्धा-एक एकर हिरवळ राखायची पद्धत आहे, त्यासाठी ती बनवलेली. पुढं साधारण १२ ते २४ एचपीचं पेट्रोल इंजिन, पोटाखाली पात्यांचा पत्र्याचा डबा, मागं गिअर बॉक्स आणि अॅक्सल एकाच लहान हाउसिंगमध्ये. बहुतेक इंजिनांचा शाफ्ट उभा असतो, म्हणजे पुली इंजिनाच्या बुडाला येते. तिथून एक व्ही-पट्टा मागच्या गिअर बॉक्सच्या पुलीवर जातो. साध्या गिअरच्या मॉडेलला वेगळी क्लच प्लेट नसते. पायडल दाबलं की पट्टा सैल पडतो, सोडलं की ताणला जातो, बस. वेग ताशी आठ-नऊ किलोमीटर. वजन दोनशे किलोच्या आसपास.

हे शेवटचं वजन लक्षात ठेवायचं. आपल्याकडचा १५ ते २० एचपीचा मिनी ट्रॅक्टर सात-आठशे किलोंचा असतो. एचपी सारखा दिसला तरी नांगर ओढायला जमिनीवर पकड लागते आणि पकड वजनातून येते. त्यामुळं या गाडीनं नांगरट होत नाही. वैरण, शेणखत, ठिबकच्या नळ्या, खताच्या गोण्या, फवारणीची टाकी यांची शेतातल्या शेतात ने-आण, एवढंच तिचं काम.

तिकडं हे बदल कसे करतात

पहिलं काम पाती आणि त्यांचा पट्टा काढणं. पोटाखाली जागा मोकळी होते, पण पुली आणि पट्टा उघडे पडतात, म्हणून तिथं जाड पत्रा मारतात. मग टायर. हिरवळीला जखम होऊ नये म्हणून मूळ टायर गुळगुळीत असतात, ते काढून आपल्या ट्रॅक्टरसारख्या नक्षीचे चढवतात. पुढचा अॅक्सल पत्रा दाबून केलेला असतो, त्याला अँगल लावून मजबुती देतात. स्टेअरिंगचे रॉड बदलतात, कारण मूळचे रॉड खड्ड्यात पहिल्या झटक्यात वाकतात.

खरी कारागिरी पुलीत आहे. इंजिनावरची पुली लहान आणि गिअर बॉक्सवरची मोठी केली की वेग कमी होतो आणि ओढ वाढते. इंजिनावर ३ इंच आणि मागं ६ इंच पुली असेल तर फेरे निम्मे होतात. हिशेब अवघड नाही. चाकाचा व्यास २० इंच असेल तर एका फेऱ्यात गाडी सुमारे १.६ मीटर पुढं जाते. बैलाच्या चालीनं, म्हणजे ताशी चार किलोमीटरनं जायचं तर चाकाचे मिनिटाला बेचाळीसेक फेरे झाले पाहिजेत. इंजिन फिरतं ३६०० ला. म्हणजे इंजिनाच्या साधारण ८५ फेऱ्यांना चाकाचा एक फेरा, एवढी घट पुली आणि गिअर मिळून यायला हवी. कामाला बसण्याआधी हे कागदावर काढलेलं बरं. नंतर पुल्या बदलत बसण्यात पैसा जातो.

काही जण उलटं करतात. मोठी पुली पुढं, लहान मागं, म्हणजे गाडी पळते. व्हिडिओला ते बरं दिसतं. पण त्या गाडीचा ब्रेक म्हणजे गिअर बॉक्सवरची तळहाताएवढी डिस्क, ताशी आठ किलोमीटरसाठी केलेली. शिवाय तो ब्रेक डिफरन्शियलमधून चाकांवर येतो. उतारावर एक चाक उचललं किंवा निसरड्यावर गेलं की ते चाक उलटं फिरतं, दुसरं सुलटं, आणि ब्रेक दाबलेला असतानाही गाडी घसरत जाते. मागं भरलेली ट्रॉली असेल तर ती ढकलतेच. म्हणून चालती गाडी बनवायची तर ब्रेक दोन्ही चाकांवर वेगवेगळा हवा. हा खर्च बहुतेक जण शेवटी ठेवतात आणि मग करतच नाहीत.

चिखलात एकच चाक फिरू नये म्हणून डिफरन्शियल आतून वेल्ड करायचीही पद्धत आहे. दोन्ही चाकं एकदम फिरतात, ओढ चांगली मिळते. पण वळताना आतलं आणि बाहेरचं चाक वेगळं अंतर कापतं. मऊ रानात ते घसरून निभावतं, टणक जमिनीवर मात्र सगळा ताण अॅक्सलवर येतो. ते हाउसिंग आधीच नाजूक, जास्त ओझ्याला बनवलेलंच नाही. आतले गिअर दात सोडतात.

मोडतं कुठं, माणूस सापडतो कुठं

या इंजिनांना गव्हर्नर असतो, तो फेरे ३६०० च्या आसपास रोखतो. जोर वाढावा म्हणून तो काढून टाकायचा सल्ला मिळतो. तो ऐकू नये. आतला कनेक्टिंग रॉड अॅल्युमिनियमचा असतो, तो तुटून इंजिनाची भिंत फोडून बाहेर येतो. फ्लायव्हीलही जादा फेऱ्यांत फुटू शकतं, आणि चालवणारा त्याच्यापासून हाताच्या अंतरावर बसलेला असतो.

दुसरी गोष्ट उतार. या गाड्यांच्या माहितीपुस्तकात १५ अंशांपेक्षा जास्त उतारावर जाऊ नका असं लिहिलेलं असतं. शेतात अंश कुणी मोजत नाही, त्याला सोपा उपाय आहे. १० फुटी पाइपाचं एक टोक चढाच्या बाजूला जमिनीवर टेकवायचं आणि पाइप लेव्हलमध्ये आडवा धरायचा. दुसरं टोक जमिनीपासून अडीच फुटांहून वर राहिलं तर तो उतार या गाडीचा नाही. ओढ्याकाठचे बांध, शेततळ्याची भिंत, चारी उतरायची जागा इथं हे माप सहज ओलांडलं जातं. लहान इंजिनांत बऱ्याचदा ऑइल नुसतं उडवून सगळीकडं पोचवलेलं असतं, जास्त कलल्यावर ते पोचत नाही, हा आणखी तोटा.

तिसरी गोष्ट ट्रॉलीचा हूक, आणि यात जीव जातो. हूक मागच्या अॅक्सलच्या वर, सीटच्या मागं वेल्ड केला तर अडकलेलं ओझं ओढताना गाडी पुढून उचलते आणि चालवणाऱ्याच्या अंगावर उलटते. दोनशे किलोच्या गाडीला याला सेकंदसुद्धा लागत नाही. हूक नेहमी अॅक्सलच्या खालीच. सीटखाली एक स्विच असतो, माणूस उठला की इंजिन बंद करणारा. जुन्या गाडीत तो बहुतेक वेळा वायर जोडून बाद केलेला सापडतो. तो पुन्हा चालू करून घ्यावा.

आपल्याकडं काय मिळतं

रायडिंग मोवर आपल्या बाजारात गावपातळीवर नाहीच. मोठी मैदानं, गोल्फचे कोर्स, रिसॉर्ट अशा ठिकाणी ते वापरात असतात आणि भंगारात निघाले तर तिथूनच. पट्टे, बेअरिंग तालुक्याला मिळतील, पण गिअर बॉक्सचे आतले भाग मिळायची मारामार. त्यामुळं आपल्याकडचा मिस्त्री जुन्या दुचाकीकडं वळतो.

इथं एक चूक वारंवार होते. मोटरसायकलचं इंजिन पळताना लागणाऱ्या वाऱ्यानं थंड होतं. शेतात बैलाच्या चालीनं ओझं ओढताना वारा लागत नाही, इंजिन तापतं आणि पिस्टन धरतो. मोवरच्या इंजिनाला फ्लायव्हीलवरच पंखा असतो. बजाज चेतकसारख्या जुन्या स्कूटरला आणि जुन्या रिक्षालाही तसा पंखा असतो, म्हणून इंजिन निवडताना पंखा आहे का हे आधी बघायचं. शिवाय १०० सीसीची गाडी पहिल्या गिअरलासुद्धा ताशी पंधरा किलोमीटरच्या आसपास जाते. वेग खाली आणायला मध्ये आणखी एक घट घालावीच लागते. रिक्षाच्या मागच्या भागात रिव्हर्स तयार मिळतो, हा फायदा.

दुचाकीवर शेतीचं औजार बसवण्याचं सगळ्यात नावाजलेलं उदाहरण गुजरातच्या अमरेली जिल्ह्यातलं. १९९० च्या दशकात दुष्काळात बैल सांभाळणं कठीण झालं तेव्हा मनसुखभाई जगाणी यांनी डिझेल बुलेटचं मागचं चाक काढून तिथं दोन चाकं आणि औजारांचा दांडा बसवला. त्याला 'बुलेट सांती' म्हणतात. पेरणी, कोळपणी, फवारणी त्यावर होते. त्याला भारतात आणि अमेरिकेतही पेटंट मिळालं.

तरीही ज्याच्या दारात जुना पॉवर टिलर पडून आहे, त्यानं मोवर शोधायला जाऊच नये. डिझेल, हळू गिअर, रानात तासन् तास चालायची सवय, सगळं त्यात आधीच आहे. मागं सीट आणि छोटी ट्रॉली जोडली की काम होतं. फक्त उतारावर सांभाळायचं: मागून ओझं ढकलत असताना एका बाजूचा क्लच दाबला तर टिलर त्या बाजूला वळण्याऐवजी उलट्या बाजूला वळतो. नवख्या माणसाला हे माहीत नसतं आणि तो चारीत जातो.

रस्त्यावर आणली तर

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेचे दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून किकनं सुरू होणारी छोटी चारचाकी बनवली, तिचं देशभर कौतुक झालं. खर्च सुमारे ६० हजार सांगितला गेला. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रा यांनी त्यांचं कौतुक करतानाच ही गाडी नियमात बसत नसल्यानं आज ना उद्या अडवली जाईल असंही म्हटलं आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती मिळाली. सगळ्यांना बोलेरो मिळत नाही.

मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणं सार्वजनिक जागेवर चालणाऱ्या गाडीला नोंदणी लागते, कलम ३९. लोकांच्या वहिवाटीची पाणंदही सार्वजनिकच धरली जाते. नोंदणी असलेल्या गाडीत परवानगीशिवाय बदल केला तर कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागं ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. दंड तरी परवडला. नोंदणी नाही म्हणजे विमा नाही. डांबरीवर कुणाला धडक बसली तर भरपाई मालकावर येते आणि कलम १७४ नुसार ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. म्हणजे गोष्ट जमिनीपर्यंत जाते.

भंगारातून इंजिन किंवा आख्खी दुचाकी घेताना तिचं आरसी बुक मागून घ्यावं, इंजिन नंबर त्याच्याशी जुळवावा. स्वतःची जुनी गाडी तोडणार असाल तर कलम ५५ प्रमाणं १४ दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्यायची असते. नाहीतर गाडी शेतात तुकडे होऊन पडलेली असते आणि कागदावर मात्र ती अजून तुमच्याच नावावर पळत असते.